काठानं मोजणारे सोमकुवर सर

सोमकुवर सर वर्गात कधी सरळ आले नाहीत. घंटा झाली की ते स्टाफरूममधून निघत, वर्गाच्या दारापर्यंत येत, दाराकडे ढुंकूनही न बघता पुढे जात, आणि बाहेरून अख्ख्या खोलीला एक चक्कर मारून मग आत शिरत. चक्कर चालू असताना आम्हाला आतून फक्त त्यांची कापडी टोपी दिसे. ती एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत सरकत जाई आणि आम्ही माना वळवून तिच्यामागे फिरत असू. आत आले की हजेरीचं रजिस्टर उघडण्याआधीच म्हणत, "आज तिघं नाई आले. एक जण आला आहे, पण त्याचं मन घरीच राह्यलं." तिघं खरोखरच नसत. चौथा कोण, हे ज्याचं त्याला कळे आणि तो गुपचूप वही उघडे.

मी सावरगावची. जाम नदी ओलांडली की पांढुर्णा, आणि तिथून बसनं सौंसर, जिथं आमचं कॉलेज होतं. माझा पहिलाच दिवस मंगळवारी आला. मंगळवार म्हणजे मारुतीचा वार, जामसांवलीच्या देवळाला जाणाऱ्या मंडळींनी बस अशी भरलेली की मला उतरायलाच मिळेना. कॉलेजात धापा टाकत पोचले तर वर्गाच्या मागच्या बाजूला एक उंच, काटकुळे गृहस्थ भिंतीच्या कडेनं चालत होते. मला वाटलं, यांना दार सापडत नसावं. मी म्हटलं, "सर, दार तिकडं आहे." ते थांबले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तू बाहेर आहेस, म्हणजे आत एक कमी. बरं झालं सांगितलं. चाल मांगून." मी त्यांच्या मागून उरलेली चक्कर पूर्ण केली आणि आम्ही दोघं गुरुशिष्य एका रांगेत वर्गात शिरलो. वर्गानं मला लगेच सरांची पुतणी ठरवून टाकलं.

सर जो विषय शिकवत तो थोडा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बहुपदी म्हणजे एखाद्या संख्येचे वर्ग, घन वगैरे घेऊन केलेली बेरीज-वजाबाकी. जी संख्या घातल्यावर तिचं उत्तर शून्य येतं, ती त्या बहुपदीचं शून्य. संमिश्र संख्या रेषेवर रांगेत उभ्या नसतात, मैदानात पसरलेल्या असतात. त्यामुळे ही शून्यं मैदानात कुठंही दडून बसू शकतात. आता असं समजा की मैदानातल्या प्रत्येक ठिकाणी ती बहुपदी एक बाण दाखवते. तुम्ही मैदानाला काठाकाठानं एक फेरी मारायची आणि बाणाकडे लक्ष ठेवायचं. फेरी पुरी होईपर्यंत बाण स्वतःभोवती जितके वेढे घेईल, तितकी शून्यं आत आहेत. आत पाऊल टाकायची गरजच नाही.

हे मी कागदावर सांगितलं. सर ते अंगानं सांगत. उजवा हात बाणासारखा लांब करून ते कॉलेजच्या आवारातल्या निंबाला फेरी मारत आणि फेरी मारता मारता स्वतःही गरगर फिरत. आम्ही पोरं कट्ट्यावर बसून वेढे मोजत असू. "आत जाशीन त हरवशीन," ते फिरता फिरता सांगत. "काठानं फीर. आतलं आपोआप समजते." फाटकाबाहेरच्या भजेवाल्यानं हे बरेच दिवस पाहिलं आणि शेवटी सरांच्या बायकोला गाठून दबक्या आवाजात सल्ला दिला, की सरांना एकदा जामसांवलीला नेऊन आणा, तिथं पुष्कळांना फरक पडतो. सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. काकू त्याला म्हणाल्या, "नेलं त काय होईन? देवळाले बाहेरून चक्कर मारतीन आन् घरी येतीन." बुद्धविहाराभोवतीही सर असेच फिरत. नव्यानं आलेले भंतेजी बरेच दिवस त्यांना फार श्रद्धाळू उपासक समजत होते.

त्यांच्या अनेक प्रयोगांपैकी बकरीचा प्रयोग कॉलेजात कोणी विसरलं नाही. एक प्रमेय असं आहे की मोठ्या बहुपदीला एखादी छोटी बहुपदी चिकटवली, आणि ती छोटी काठावर सगळीकडे मोठीपेक्षा लहानच राहिली, तर आतली शून्यांची संख्या बदलत नाही. हे पटवायला सरांनी शिपाई नत्थूभाऊंची बकरी मागून आणली. तिच्या गळ्यातली दोरी हातात धरून ते निंबाभोवती फिरणार होते. दोरी झाडापर्यंत पोचण्याइतकी लांब नसली की बकरी कशीही बागडो, सर झाडाला जितक्या फेऱ्या मारतील तितक्याच तिलाही माराव्या लागतात. पण नत्थूभाऊंनी भलती लांब दोरी दिली होती. अर्ध्या फेरीत बकरीला झाडापलीकडे पडलेली पोळी दिसली. ती झाडाच्या दुसऱ्या बाजूनं गेली, सर या बाजूनं गेले, आणि पाहता पाहता सर निंबाला घट्ट बांधले गेले. आम्ही ओठ दाबून बसलो होतो. सर झाडाला टेकून, हात दोरीत अडकलेले, तसेच शांतपणे म्हणाले, "दोरी लांब झाली. अट मोडली का प्रमेय मोडते. बकरीची यात काही गलती नाई." त्या दिवसानंतर हे प्रमेय आमच्यापैकी कोणी परीक्षेत चुकवलं नाही, आणि अट तर मुळीच विसरलं नाही.

काकू बरोबर उलट्या. त्या कोणाच्याही घरी सरळ स्वयंपाकघरापर्यंत जात आणि भाजीत मीठ कमी असेल तर घालूनही येत. तिगावला एका लग्नात, मीही तिथं होते, सरांची चप्पल हरवली. शोधायची सरांची पद्धत ठरलेली होती. जागेचे दोन भाग पाडायचे, एका भागाला काठानं फेरी मारून त्यात वस्तू आहे की नाही ते ठरवायचं, मग त्या भागाचे पुन्हा दोन भाग. त्यांनी मांडवाचे दोन भाग पाडले आणि काठावर बसलेल्या एकेका पाहुण्याला विचारत निघाले. दोन-तीन भाग पाडून होईपर्यंत जेवणाची पंगत उठली. काकू आल्या, वरपक्षाच्या खोलीत सरळ शिरल्या, खाटेखाली हात घातला आणि चप्पल काढून सरांपुढं टाकली. "तुमचं गणित होयेलोक पोरीची पाठवणी होऊन जाईन." सर चप्पल घालत मला म्हणाले, "हिची पद्धत बराबर आहे. फक्त ती सिद्ध करता येत नाई."

मी शिकले, पुढं एम.एस्सी. करून त्याच कॉलेजात शिकवायलाही लागले, तरी सर माझे सरच राहिले. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. तिथं बसून मी त्यांच्या नियमाची सगळी कथा ऐकली.

सरांचा एक स्वतःचा नियम होता. साध्या बहुपदीचं झालं, पण बहुपदीत आरसा घुसवला तर? संमिश्र संख्येला आरशात धरलं की वरची संख्या खाली जाते आणि खालची वर येते. एक बहुपदी घ्यायची आणि तिच्यातून दुसऱ्या, कमी घाताच्या बहुपदीचं आरशातलं रूप वजा करायचं. अशा मिश्र राशीची शून्यं किती? सरांचं म्हणणं, मोठीचा जो घात, तितकीच. ना एक कमी, ना एक जास्त. पुरावा तोच, काठानं मोठी फेरी मारायची. तिथं मोठ्या बहुपदीचाच जोर चालतो, आणि बाण बरोबर तितकेच वेढे घेतो. या नियमावर त्यांनी वर्षानुवर्षं जीव लावला होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू कधी कधी पाहुण्यांना सांगत, "आमचं एकुलतं एक आहे, पण ते कागदावरच फिरते."

सर निवृत्त होणार त्या वर्षी कॉलेजात मोठी संगोष्ठी ठरली. जबलपूरहून एक नामांकित प्राध्यापक पाहुणे येणार होते आणि सर आपला नियम सगळ्यांसमोर मांडणार होते. ही बातमी सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांना कळली. त्यांतले काही आता संत्र्याचा व्यापार करत, काही दुकानं चालवत. त्यांना नियम कळला नव्हता, पण अभिमान पुरेपूर होता. त्यांनी सौंसरच्या बसस्थानकावर हा एवढा मोठा फ्लेक्स लावला. त्यावर सरांचा टोपीतला फोटो, चारी कोपऱ्यांत लावणाऱ्यांचे फोटो, आणि मधे हिंदीत 'सोमकुवर नियम के जनक को हार्दिक बधाई'. सर रोज त्या फ्लेक्ससमोरून जाताना मान खाली घालत आणि थोडं पुढं गेल्यावर मागं वळून बघत. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

संगोष्ठीच्या आदल्या दिवशी रविवार होता. विद्यार्थ्यांसाठी एक सोपं चित्र काढायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळ्यांत लहान उदाहरण निवडलं, वर्ग वजा आरसा. म्हणजे प्रश्न एवढाच: अशा किती संख्या आहेत, ज्यांचा वर्ग म्हणजे त्यांचंच आरशातलं रूप? घात दोन, म्हणून सरांच्या नियमानं उत्तर दोन. आणि दोन तर लगेच मिळतात. शून्याचा वर्ग शून्य, आरशातही शून्य. एकाचा वर्ग एक, आरशातही एक. सरांनीही हेच उदाहरण कधीकाळी तपासलं होतं. नियम दोन म्हणाला, दोन मिळाली, तेवढ्यात चहा आला, आणि सर उठले. मी मात्र चित्र काढत होते, आणि चित्रात सगळं मैदान दाखवावं लागतं. मैदानात मला आणखी दोन दिसली. एक वर, एक खाली, आरशातल्या जोडीसारखी समोरासमोर. एकाचा वर्ग म्हणजे दुसरं, आणि दुसरं म्हणजे पहिल्याचं आरशातलं रूप. ही जोडी आम्ही अकरावीतच शिकलेलो असतो. तिला ओमेगा म्हणतात, आणि ती घनमुळांच्या धड्यात इतकी वेळा येते की पोरं तिला कंटाळतात.

मी पुन्हा पुन्हा तपासलं. चारच होती. सरांचा नियम सगळ्यांत छोट्या उदाहरणातच पडत होता.

मला रडू आलं. चूक माझी नव्हती, पण सांगायचं मलाच होतं. उद्या हे पाहुण्यांच्या लक्षात आलं तर भर सभेत सरांचं हसं होणार. नाही आलं तर एक खोटा नियम सरांच्या नावानं बसस्थानकावर टांगलेला राहणार. आई म्हणाली, "जातेस त संत्री घेऊन जा, मोकळ्या हातानं काय जातं." मी पिशवीभर संत्री घेतली आणि सौंसरची बस पकडली.

सरांच्या घरी पोचले, पण फाटकातून आत जाववेना. मी कुंपणाच्या कडेनं घराला एक फेरी मारली, मग दुसरी. अंगणात काकू खाटेवर धुतलेलं धोतर पसरून त्यावर मुंगवड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय वं सुजाता, तू बी तशीच झाली का? ये अंदर." मी आत गेले. सर ओट्यावर बसून उद्याचं भाषण पाठ करत होते. मी म्हटलं, "सर, वर्ग वजा आरसा."

"दोन," सर म्हणाले. "शून्य आन् एक. मी सोता पाह्यले आहेत."

"सर, ओमेगा."

सरांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, म्हणजे वर्ग करत असावेत. मग हळूच म्हणाले, "अकरावीतला?"

"हो सर. जोडीनं."

"थो काऊन आला इथं?" सर इतक्या कळवळून म्हणाले की काकूंनी फाटकाकडे पाहिलं, कोण पाहुणा आला म्हणून.

पुढचं जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. सर उठले, माझ्या पिशवीतली चार संत्री घेतली आणि अंगणात मांडली. एक मधोमध, ते शून्य. एक फाटकाच्या दिशेनं, ते एक. आणि दोन भिंतीकडे, डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर, ती ओमेगाची जोडी. मग हात लांब करून त्यांनी चौघांना बाहेरून मोठी फेरी मारली. बाण दोनदा फिरला. "पाह्य, दोनच," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मग त्यांनी एकेका संत्र्याभोवती छोटी फेरी सुरू केली. फाटकाजवळच्या संत्र्याभोवती बाण ज्या बाजूनं ते चालत होते त्याच बाजूनं एकदा फिरला. ओमेगाचंही तसंच, दुसऱ्याचंही तसंच. शेवटी मधल्या संत्र्याभोवती चालू लागले, आणि तिथं बाण उलटा निघाला. पाय एकीकडे गोल जात होते आणि अंग दुसरीकडे वळत होतं. हे कोणत्याही माणसाला झेपणारं नाही. सर भेलकांडले आणि सगळेच्या सगळे काकूंच्या मुंगवड्यांवर आडवे झाले.

"माह्या वड्या," काकू म्हणाल्या.

सर वड्यांत तसेच पडून होते. टोपी घरंगळली होती. आभाळाकडे बघत ते म्हणाले, "तीन सुलटे, एक उलटा. तिनातून एक गेला, राह्यले दोन. चौघं आत बसले होते बापा, आन् काठाले दोनच दिसले." मग त्यांना हसू फुटलं. आधी पोट हललं, मग खाट हलायला लागली. काकूंनाही हसू आलं, वड्यांचं दुःख असूनही. मी रडत होते आणि हसतही होते. सर उठून बसले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि ते सगळं पाणी हसण्याचं नव्हतं, हे मला दिसत होतं. ज्या नियमाला त्यांनी पोटच्या लेकरासारखं वाढवलं, तो त्या अंगणात गेला होता.

काकूंनी एक संत्रं उचलून सोलायला घेतलं. सर दचकून म्हणाले, "थो नको, थो ओमेगा आहे." काकूंनी ते ठेवलं आणि मधलं घेतलं. सगळ्यांना फोडी दिल्या. मग सरांनी विचारलं, "उद्या काय करू मी?"

"करायचं काय?" काकू म्हणाल्या. "चुकलं त सांगून टाकायचं. फ्लेक्सवर फोटो मात्र झ्याक आला आहे, थो तेवढा कापून घरी आणजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी हार मागवले होते, पत्रकार बोलावले होते. "सरजी, दो हों या चार, किसको पता चलेगा?" ते म्हणाले. सर म्हणाले, "मुझे पता चल गया ना." प्राचार्यांनी पुढं बरंच समजावलं, आता निवृत्तीला आलात, शांतपणे हार घ्या, पेढे खा, पुढचं पुढं बघू. सर ऐकत होते आणि मान हलवत होते. मला भीती वाटली की ते मानतात की काय. पण ते मान हलवता हलवता प्राचार्यांभोवती एक फेरी मारून सभागृहात निघून गेले.

सभागृह भरलं होतं. फ्लेक्सवाले जुने विद्यार्थी पहिल्या रांगेत पांढरे शर्ट घालून बसले होते. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. सर माइकपुढं उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "मेरा नियम गलत है." पहिल्या रांगेनं कडाडून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ही विनम्रता आहे. सरांना ते पुन्हा सांगावं लागलं, आणि मग पहिली रांग एकमेकांकडे बघायला लागली.

"दाखवतो," सर म्हणाले. त्यांना चार शून्यं हवी होती. त्यांनी प्राचार्यांना व्यासपीठाच्या मधोमध उभं केलं. पाहुण्यांना विनंती करून पुढं उभं केलं, ते एक. मग मला एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सभेतून काकूंना बोलावलं. काकू पदर सावरत आल्या आणि विचारलं, "मी कोण व्हय?" सर म्हणाले, "तू ओमेगा. सुजाता तुही जोडी. तुम्हा दोघींपैकी एक दिसली का दुसरी रायतेच." काकूंनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि ताठ उभ्या राहिल्या.

सरांनी हात लांब करून सगळ्यांना मोठी फेरी मारली, सभागृहानं दोन वेढे मोजले. मग एकेकाभोवती छोटी फेरी. पाहुणे सुलटे. मी सुलटी. काकू सुलट्या. प्राचार्यांची पाळी आली तेव्हा सरांनी खबरदारी म्हणून त्यांचाच खांदा धरला आणि उलटे फिरायला लागले. "हमारे प्राचार्य महोदय उलटे हैं," सरांनी अगदी गंभीरपणे माइकवर सांगितलं. "इनके कारण एक कट जाता है." त्या कॉलेजच्या इतिहासात इतकं कोणी हसलं नसेल. खुद्द प्राचार्यही हसले, थोडे उशिरा.

पाहुणे मात्र जागेवरून हलले नव्हते. हसू ओसरल्यावर त्यांनी माइक घेतला आणि सांगितलं की आरसा घातलेल्या राशींत आत जास्तीत जास्त किती शून्यं दडू शकतात, हा प्रश्न भल्याभल्यांना दमवतो, आणि अजून लोक तो खणत आहेत. त्यातली मुख्य अडचण त्यांनी इतकी स्पष्ट कोणी करून दाखवलेली पाहिली नव्हती. मग त्यांनी विचारलं, चूक कोणी पकडली? सरांनी माझ्याकडे बोट केलं. मी व्यासपीठावर ओमेगाच्या जागेवरच उभी होते. हलायचं की नाही ते मला कळेना. शेवटी हार प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातला, मी तो काढून सरांच्या गळ्यात घातला, आणि सरांनी काकूंच्या.

संध्याकाळी सर मला बसस्थानकावर सोडायला आले. तिथं ते एका स्टुलावर चढले आणि फ्लेक्सवर कागद चिकटवला. त्यावर स्केचपेननं लिहिलं होतं, 'नियम गलत निकला. पूछताछ के लिए कक्षा में आएँ.' मी विचारलं, "सर, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना," सर स्टुलावरून उतरत म्हणाले. "काल तुह्यासमोर हासलो, मंग मोरीत जाऊन थोडं रडलो बी. पण एक सांगू? मी आजलोक शून्यं मोजली. भेट एकाचीबी घेतली नाई. काल अंगणात चौघं समोर बसले होते, आन् मले वाटलं, अरे, हे असे दिसतात का." बस आली. ते म्हणाले, "जाय. खिडकीजवळ बस."

सर निवृत्त झाले ते भेटी घ्यायलाच. मोजणं त्यांनी सोडून दिलं. ते नवनवीन राशी घेत आणि त्यांची शून्यं एकेक करून शोधत. एखादं सापडलं की मला फोन. मी वर्गात असो की भाजीबाजारात, फोनवर ना जयभीम ना काही, एकच वाक्य, "सुजाता, सापडलं." मग ते शून्य कुठं बसलं आहे ते सांगत, किती डावीकडे, किती वर, शेजारी कोण आहे. एखाद्या नातेवाइकाचं नवीन घर कुठं आहे ते समजावून सांगावं तसं. पाठीमागून काकूंचा आवाज येई, "तिले जेवू द्या." एकदा त्यांना एकाच राशीत पुष्कळ सापडली तेव्हा त्यांनी मला, भंतेजींना आणि चुकून प्राचार्यांनाही फोन केला होता. प्राचार्यांनी अभिनंदन केलं आणि आपण त्यात उलटे नाही ना, एवढं विचारून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. आजारपण असं काही नव्हतं. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी गेले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती, फ्लेक्सवाली मुलंही होती, आणि त्यांतला प्रत्येक जण नियम चुकला होता हे अभिमानानं सांगत होता. मला तेव्हा रडू आलं नाही. घरी आल्यावर आलं, आणि बरेच दिवस येत राहिलं.

परवा एका राशीवर मी काम करत होते. सरांनी अर्धी सोडलेली होती ती. दुपारपर्यंत काहीच लागेना, आणि मग एकदम सापडलं. हात आपोआप फोनकडे गेला, नंबर लागलासुद्धा, आणि घंटी वाजायला लागल्यावर मला आठवलं. ठेवावा की काय म्हणेपर्यंत काकूंनी उचलला.

"काय वं, सापडलं का?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो काकू."

"एकटं आहे का जोडीनं?"

मी कागदावर पाहिलं. एक वर होतं, आणि आरशात बरोबर खाली दुसरं.

"जोडीनं आहे, काकू."

"मंग बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आता सांग, कुठी कुठी बसले आहेत थे. सावकाश सांग, मले घाई नाई."